पानाच्या मापावरून जाई-जुई ओळखू नका

गोव्यात म्हार्दोळला महालसा देवीच्या जायांच्या (जाईच्या फुलांच्या) पूजेचा विषय निघाला की एक मेसेज हमखास फिरतो: मोठं पान ती जाई, लहान ती जुई. चूक. पानाचं माप खत-उन्हावरही बदलतं. पर्णिका, म्हणजे एकाच पानातली छोटी पानं, मोजा. जाईचं पान पिसासारखं, बहुधा ७ ते ९ पर्णिकांचं; कळीला बाहेरून गुलाबी झाक. जुईच्या पानात बहुतेक एकच मोठी पर्णिका, देठाशी कानांसारख्या दोन इवल्या पर्णिका, कधी त्याही नसतात. मोगऱ्याचं पान अखंड, पर्णिका नसलेलं.

पावसाच्या तोंडावर छाटणीचा सल्लाही त्याच मेसेजात आहे. फुलं नव्या फुटव्यांवर येतात, त्यामुळे तेव्हा कापलं तर जाईचा बहर लांबणीवर पडतो. डिसेंबर-जानेवारीत छाटा. आणि कुंडीची भोकं आधी तपासा. आपल्या पावसात पाणी तुंबलं की मुळं कुजतात, पानं मागाहून पिवळी पडतात. लोक मात्र खतच वाढवतात!