'अफवा अडाणी माणसं पसरवतात': हा दावा तपासला तर काय उरतं?

"अफवा अडाणी आणि म्हातारी माणसं पसरवतात. शिकलेला फसत नाही. खोटं शेवटी उघडं पडतंच." मराठवाड्यात पारावर ऐका की ग्रुपवर वाचा, हे ठरलेलं. तिन्ही वाक्यं सारखीच चुकीची नाहीत, म्हणून एकेक घेऊ.

म्हातारी माणसं? अर्धं खरं. अमेरिकेत 2016 च्या निवडणुकीत फेसबुकवर पासष्टी ओलांडलेल्यांनी तरुणांच्या जवळपास सातपट खोट्या बातम्या शेअर केल्या. पण दहातल्या नऊ जणांनी एकही केली नव्हती. आणि शिक्षण कमी असो की जास्त, वयाचा फरक टिकला. 'अडाणी' हा शब्द इथंच गळतो.

शिकलेला फसत नाही? 2015 च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना खरं उत्तर माहीत असूनही खोटं विधान दुसऱ्यांदा वाचल्यावर जास्त खरं वाटलं. ओळखीचं वाक्य डोक्यात पटकन उतरतं, त्या सहजतेलाच आपण खरेपणा समजतो. तोच मेसेज भावकीच्या, शाळेच्या आणि शेतकऱ्यांच्या ग्रुपवर आला की तीन साक्षीदार वाटतात, असतो एकच.

खोट्या बातम्या ओळखायच्या तासाभराच्या शिकवणीनं भागतं असंही नाही. 2019 च्या निवडणुकीवेळी बिहारमध्ये ती देऊन पाहिली, सरासरी फरक पडला नाही.

खोटं उघडं पडतंच? पडतं, पण कधी? ट्विटरवरच्या सुमारे 1,26,000 बातम्यांचा अभ्यास 2018 मध्ये आला. 1,500 लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सहापट वेळ लागला. बॉट, म्हणजे आपोआप चालणारी खाती, वगळून मोजलं तरी तेच. पाठवणारी माणसंच होती. त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. मूल पळवतानाची म्हणून त्या काळात फिरलेली एक क्लिप कराचीतल्या जनजागृतीपर फिल्मची होती. मूल परत आणून सोडतात, तो शेवट कुणीतरी कापला होता.

आपल्याकडं भीती वेगळी. 21 मार्च 2024 ला हिंगोली परिसरात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला. अशा वेळी "रात्री दोनला मोठा येणार" असा मेसेज आला, तर 1993 ची किल्लारी आठवणारा माणूस तपासत बसत नाही, आधी घराबाहेर येतो. हा अडाणीपणा नव्हे. पण भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगण्याची पद्धत जगात कुणाकडंच नाही, त्यामुळे घड्याळ सांगणारा मेसेज तिथंच थांबवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजला दुहेरी बाण दिसला तर मेसेज बऱ्याच हातांतून आलाय. व्हिडिओ कुठला ते कळायला तो थांबवून स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये, म्हणजे फोटोवरून शोधणाऱ्या ॲपमध्ये, टाका. दुकानाच्या पाट्या आणि गाड्यांच्या नंबरप्लेट बघा. खोडून काढताना आधी खरी माहिती लिहा, खोटं एकदाच सांगा, मग ते का चुकलं ते. मूळ क्लिप "हे खोटं आहे" लिहून पुढं ढकलू नका: पुढच्या ग्रुपवर क्लिप जाते, तुमची ओळ मागंच राहते.