डावी म्हणजे कोणाची डावी?

आमच्या घरी गणपती पेणचा असायचा. म्हणजे पेणला घडलेला, दादरच्या मांडवात मांडलेला आणि टॅक्सीत माझ्या मांडीवर बसून घरी आलेला. यंदा मात्र मी जाहीर केलं, मूर्ती घरीच करायची. शाडूची. यामागे पर्यावरण होतं, शास्त्र होतं आणि थोडा चिक्कूपणाही होता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली काढलेल्या सूचनांमध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना बंदी होती, हे मी जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. शिवाय मूळ परंपरा पार्थिव गणेशाची. पार्थिव म्हणजे मातीचा. आपल्या हाताने करावा, पुजावा, पाण्यात सोडावा. ‘‘बाकी सगळं नंतर चिकटलंय,’’ असं मी म्हणालो. आमच्या घरात परंपरेला प्रश्न विचारायचं खातं माझ्याकडे आहे. उत्तरं द्यायचं आत्याकडे.

आत्या चिपळूणची. गणपतीच्या आठ दिवस आधी येते आणि आल्या आल्या नारळ मोजते. तिने माझं भाषण ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘कर की. सोंड तेवढी डावीकडे ठेव. खाली उंदीर काढ नाहीतर मांजर काढ, मी बोलणार नाही.’’

मी दोन तासांच्या कार्यशाळेला जाऊन आलो. शिकवणारी मुलगी माझ्या निम्म्या वयाची. एक मोठा गोळा म्हणजे पोट, एक लहान म्हणजे डोकं, वळकट्या केल्या की हातपाय, असं म्हणता म्हणता तिने गणपती उभा केला. बसवला म्हणू या. माझ्याही गोळ्यांतून कोणीतरी तयार झालं होतं, पण ते आमच्या सोसायटीचे माजी सेक्रेटरी होते. देखभाल खर्च थकल्यासारखे माझ्याकडे बघत होते.

घरी दुसरा डाव मांडला. शाडूचा स्वभाव तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. पाणी जास्त झालं की पोट मांडीवर उतरतं. कमी झालं की भेगा. उन्हात ठेवला तर कान तडकतात, म्हणून सावलीत ठेवा. सावलीत ठेवला तर मुंबईच्या श्रावणात तो वाळतच नाही. मातीत कापूस मळतात म्हणजे ती धरून राहते, हे मला दोन डोकी गळून पडल्यावर कळलं.

या दोन डोक्यांनीच मला पहिल्यांदा अडचणीत आणलं. ती मोडून पुन्हा गोळ्यात मळायची, एवढंच काम. पण अंगठा टेकवला की ती बघायची. डोळे काढलेलेच नव्हते, तरी बघायची. शेवटी एका प्लास्टिकच्या डब्यात घालून झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी बायकोने विचारलं, ‘‘झाकणाला भोकं कोणी पाडली?’’

‘‘हवा खेळती राहावी म्हणून.’’

‘‘मातीला?’’

मी विषय बदलला.

तिसऱ्या डोक्याला सोंड नीट बसली. डावीकडे मस्त वळवली, टोकाला मोदक दिला आणि आत्याला बोलावलं. तिने चष्मा लावला.

‘‘उजव्या सोंडेचा केलास?’’

‘‘अगं, डावी आहे. ही बघ, माझा डावा हात.’’

‘‘तुझा डावा. त्याचा कुठला?’’

चार दिवस मी त्याच्यासमोर बसून आपली डावी बाजू त्याला लावत होतो. समोरासमोर बसलेल्या माणसांची डावी-उजवी उलटते, हे मी मुलीला तिसरीत असताना शिकवलं होतं.

शरण जाण्याऐवजी मी माझं खातं उघडलं. उजव्या सोंडेला एवढं कडक सोवळं का? आत्या म्हणाली, उजवी बाजू दक्षिणेची, दक्षिण यमाची. मी म्हटलं, तो पूर्वेकडे तोंड करून बसला तर. आपल्याकडे तो फ्रिजशेजारी पश्चिमेकडे तोंड करून बसतो, म्हणजे त्याची उजवी उत्तर झाली. डावी उलट दक्षिण!

‘‘मग फ्रिज हलव,’’ आत्या म्हणाली.

मी सिद्धटेक काढलं. अष्टविनायकांत तो एकटा उजव्या सोंडेचा, त्याचं काय?

‘‘तिथे पुजारी आहेत. इथे तू आहेस. सुट्टीच्या दिवशी अकराला आंघोळ करणारा.’’ मग तिने खरा प्रश्न विचारला. ‘‘प्राणप्रतिष्ठा झालीय का याची?’’

‘‘नाही.’’

‘‘मग माती आहे ती. मोड आणि फिरव.’’

मी हात पुढे केला. मागे घेतला. भजन चालू असताना मंदिरात चहा प्यायलेला माणूस मी, पण तेवढी सोंड मला मोडवेना. आत्याने बोटं पाण्यात बुडवली, सोंड धरली आणि भेंडी मोडावी तशी कट्‌कन मोडली. मी ‘‘आई गं!’’ म्हणालो. ती सोंडेचं टोक चिकटवणीत बुडवत, माझ्याकडे न बघता सांगत होती. लहानपणी नागपंचमीला पाट डोक्यावर घेऊन गणपतीच्या शाळेत जायचो. तिथे बिनडोक्याचे गणपती रांगेने बसलेले, आम्ही त्यांच्यात लपाछपी खेळायचो. कोणी ओरडायचं नाही. रेखणीच्या दिवशी मात्र, डोळे काढले की, सगळी पोरं आपोआप हळू बोलायला लागायची.

‘‘का?’’ मी विचारलं. सवयीने.

‘‘अरे, बघतो ना तो.’’

सोंड वळली ती त्याच्या डावीकडे. वळणावर एक भेग राहिली. रंगाने बुजली नाही, तेव्हा मी तिच्यावर दूर्वांची जुडी टेकवायचं ठरवलं. डोळे सगळ्यात शेवटी. बारीक ब्रश, श्वास रोखलेला. उजवा जमला, डावा तांदळाएवढा वर गेला. तेवढ्यात बायकोने स्वयंपाकघरातून हाक मारली. मी ‘ओ’ दिली. तिला ऐकूच गेली नाही, इतकी हळू.

चतुर्थीला मोदक केले एकवीस, उकडताना फुटले सात. त्यातून नैवेद्याचे पाच बाजूला काढले आणि उरलेल्या नऊ मोदकांवर बिल्डिंगमधली अकरा माणसं दर्शनाला आली. पहिल्या मजल्यावरचे काका मूर्तीसमोर हात जोडून बराच वेळ उभे राहिले. मग आपला डावा हात, उजवा हात पुटपुटत तपासला आणि वळून म्हणाले, ‘‘अरे वा! उजव्या सोंडेचा बसवलात? फार कडक असतो हो.’’

खुलासा करायला मी तोंड उघडलं. आत्याने ताटली उचलली आणि माझ्या पुढे झाली.

‘‘हो ना, फार कडक,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणून तर मोदक दोघांत एक.’’