मामा, तो व्हिडिओ गेमचा आहे!

थोरल्या मामांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ एव्हाना तुमच्याकडेही आला असेल. काळोख्या इमारतीत शत्रूचा ड्रोन ‘हॅक’ होतो, उलटा फिरतो आणि आपल्याच पहारेकऱ्याला उडवतो. खाली मजकूर: ‘आता कुठलाही ड्रोन मोबाईलवरून ताब्यात घेतात. फवारणीचे ड्रोनही सुरक्षित नाहीत!’ हे वाचून तासगावच्या धाकट्या मामीने द्राक्षबागेच्या फवारणीला ठरवलेल्या ड्रोन दीदीला नको म्हणून कळवलं. त्या बाईचा दिवस बुडाला. म्हणून लिहायला बसलो, नाहीतर डिलीट करून मोकळा झालो असतो.

तर पहिली गोष्ट, हे युद्ध नाही. ‘इन्व्हिजिबल, इंक.’ हा कॅनडाच्या क्लेई कंपनीचा 2015 चा गेम आहे. माझ्या भाच्याने एका नजरेत ओळखला. कोपऱ्यात पॉवरचा आकडा चक्क कमी होताना दिसतो! पॉवर खर्चायची, एकेक फायरवॉल (यंत्राभोवतीची संरक्षक भिंत) फोडायची, सगळ्या फुटल्या की ड्रोन आपला. गेम म्हणून झकास.

‘कुठलाही ड्रोन’ हे तर धादांत खोटं. 2012 मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या टॉड हम्फ्रीज यांच्या चमूने न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्सला स्वतःच्याच छोट्या हेलिकॉप्टर-ड्रोनला खोटे जीपीएस सिग्नल पाठवले. ड्रोनला वाटलं आपण वर चाललोय, म्हणून तो खाली यायला लागला. जमिनीवर आपटायच्या आत पायलटने हाताने सावरला. नीट बघा, एवढी तज्ज्ञ मंडळी, परवानगी घेऊन केलेला प्रयोग, आणि साधलं काय? ड्रोनची दिशाभूल. सुकाणू हातात आलंच नाही, मग नेम धरून गोळी झाडणं दूरच. लष्करी जीपीएसचा सिग्नल तर सांकेतिक असतो, त्याची नक्कल आणखी अवघड. आणि जॅमिंग, म्हणजे सिग्नल दाबून संपर्क तोडणं, हे हॅकिंग नव्हे. संपर्क तुटला की बरेच ड्रोन जागीच थांबतात, उतरतात किंवा निघाले तिथे परततात.

बरं, खेळण्यातल्या ड्रोनचं मान्य. 2013 मध्ये सॅमी कामकार या संगणक-सुरक्षा संशोधकाने पासवर्ड नसलेल्या, उघड्या वाय-फायवर चालणारे पॅरट कंपनीचे ड्रोन पळवता येतात हे दाखवून दिलं होतं. पण म्हणून दहा लिटरची टाकी घेऊन फिरणारा फवारणीचा ड्रोन?

मामी, त्या दीदीला परत फोन कर. आणि विचारायचंच असेल तर वारा किती आहे आणि टाकीत औषध किती घातलंय ते विचार.