ताशी 140 ने टाकतो म्हणजे मेजर लीग नव्हे

क्रिकेटच्या ग्रुपांवर एक मजकूर गेली कित्येक वर्षं फिरतोय. सारांश असा: उत्तर प्रदेशातल्या दोन पोरांनी कधी बेसबॉल न पाहता दहा महिन्यांत अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, जागा मिळवली आणि करोडपती झाले, म्हणजे ताशी 140 किलोमीटरने टाकणारा आपला कुठलाही गोलंदाज हे करू शकतो, मायनर लीग, म्हणजे त्याखालच्या लीग, ही नुसती वेटिंग लिस्ट, दम असलेला थेट वर जातो, आणि ज्याला खाली पाठवलं त्याचा खेळ खलास. यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो इतका चालतो.

दोघांनी मेजर लीग गाठली

नाही गाठली. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे ते दोघं. मुळात ते गोलंदाज नव्हतेच, लखनौच्या क्रीडा महाविद्यालयातले भालाफेकपटू होते. 2008 च्या 'मिलियन डॉलर आर्म' स्पर्धेत हजारो उमेदवारांतून डावखुरा रिंकू पहिला आला तो ताशी 87 मैलांच्या, म्हणजे 140 किलोमीटरच्या चेंडूवर. बक्षीस 1 लाख डॉलर. त्यानंतर अमेरिकेत प्रशिक्षक टॉम हाउस यांच्याकडे तयारी झाली आणि नोव्हेंबर 2008 मध्ये मेजर लीगमधल्या पिट्सबर्ग पायरेट्स क्लबने दोघांना करारबद्ध केलं. 'दहा महिने' इथवर ठीक आहे. पण तो करार मायनर लीगचा होता. 2009 मध्ये दोघं खेळले ते फ्लोरिडातल्या गल्फ कोस्ट लीगमध्ये, म्हणजे रुकी पातळीवर, अमेरिकेतल्या शिडीच्या तळाच्या पायरीवर.

पटेलला क्लबने 2010 च्या अखेरीस सोडलं. रिंकू टिकला. 2012 मध्ये सिंगल-ए पातळीच्या वेस्ट व्हर्जिनिया पॉवरकडून 39 सामन्यांत 72 इनिंग (बेसबॉलमध्ये तीन बाद झाले की एक इनिंग) टाकून त्याचा ईआरए 3.00 होता, म्हणजे दर 9 इनिंगला सरासरी 3 धावा. पोरगा खरोखर पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, झाला होता. पण तिथून वर हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए या तीन पायऱ्या अजून बाकी होत्या. मग कोपराच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया, जिला टॉमी जॉन म्हणतात, ती करावी लागली आणि पुढचे हंगाम गेले. 2018 मध्ये तो कुस्तीच्या डब्ल्यूडब्ल्यूईत गेला. चार वर्षांत शून्यापासून सिंगल-ए ही मोठीच मजल आहे; फॉरवर्डवाल्यांना ती पुरेशी वाटत नाही, एवढंच.

वेग आहे ना, मग झालं

सगळ्यात घोळ इथे आहे. आधी माप बघा. क्रिकेटची खेळपट्टी 20.12 मीटर, चेंडू 156 ते 163 ग्रॅम, धावत येऊन टाकायचा, कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये. बेसबॉलमध्ये पिचरच्या पायाखालच्या रबरपट्टीपासून बॅटरजवळची होम प्लेट 18.44 मीटर, चेंडू 142 ते 149 ग्रॅम, पिचर उभा राहतो तो मातीचा उंचवटा 25 सेंटिमीटर. रनअप नाही. मागचा पाय पट्टीवर रोवून, पुढचा पाय जवळजवळ स्वतःच्या उंचीइतका लांब टाकून, आधी कंबर आणि मग खांदा फिरवत वेग काढायचा. कोपर वाकलेलं असतं आणि हात चाबकासारखा सुटतो. क्रिकेटमध्ये जे केल्यावर पंच नो-बॉल देतील, तेच इथलं मूळ तंत्र आहे. भाल्याची फेक या हालचालीला गोलंदाजीपेक्षा जवळची. स्पर्धेतून निवडले गेलेले दोघंही भालाफेकपटू निघाले, यात नवल नाही.

शिवाय टप्पा नाही. खेळपट्टीची मदत, चेंडू पडून आत येणं, उसळणं हे सगळं गेलं. जे काही वळायचं ते हवेतच. फोर-सीम पकडीत, म्हणजे सरळ वेगवान चेंडूसाठी, तर्जनी आणि मधलं बोट शिवणीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर आडवी, चेंडूला उलटी फिरकी. चेंजअपमध्ये, म्हणजे फसव्या हळू चेंडूत, चेंडू तळहातात खोल, हाताचा वेग मात्र तोच. तो सरळ चेंडूपेक्षा ताशी 13 ते 16 किलोमीटरने हळू यावा लागतो. नवशिक्याची चूक ठरलेली: हळू टाकायचा म्हणून हातच हळू आणतो, आणि बॅटरला चेंडू सुटायच्या आधीच कळतं. सामना सुरुवातीपासून टाकणाऱ्या पिचरला असे निदान तीन प्रकार विश्वासाने टाकता यायला हवेत. मधल्या इनिंगमध्ये येणाऱ्याचं दोनांत भागतं.

आणि अचूकता. होम प्लेट 43 सेंटिमीटर रुंद. चार चेंडू बाहेर गेले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर, याला वॉक म्हणतात. फक्त वेगावर काय होतं याचा नमुना स्टीव्ह डालकोव्स्की. बाल्टिमोर ओरिओल्स क्लबच्या मायनर संघांतला हा पिचर त्या काळचा सगळ्यात वेगवान मानला जायचा. 1960 मध्ये स्टॉकटनला त्याने 170 इनिंगमध्ये 262 बॅटर बाद केले आणि बरोबर 262 जणांना वॉक दिला. मेजर लीगचा एकही सामना त्याच्या नशिबी आला नाही.

मायनर लीग म्हणजे वेटिंग लिस्ट

रांगेत आपला नंबर आपोआप पुढे सरकतो. इथे तसं काही नाही. वर 30 क्लब आणि प्रत्येकाचे 26 सक्रिय खेळाडू, म्हणजे 780 जागा. खाली 2021 पासून 120 संलग्न संघ, शिवाय फ्लोरिडा, ॲरिझोना आणि डोमिनिकन रिपब्लिकमधल्या रुकी लीग. 20 फेऱ्यांच्या ड्राफ्टमधून, म्हणजे क्लबांनी आळीपाळीने केलेल्या नव्या खेळाडूंच्या निवडीतून, दरवर्षी साधारण 600 नवे येतात, म्हणजे तितक्यांना घरीही जावं लागतं.

प्रत्येक पायरीची परीक्षा वेगळी. सिंगल-एमध्ये बॅटर झोनबाहेर, म्हणजे प्लेटवरच्या वैध चौकटीबाहेर, जाणाऱ्या स्लायडरवर (वेगाने बाजूला वळणारा चेंडू) बॅट फिरवतो. डबल-एमध्ये तोच चेंडू सोडून देतो. तिथे कळतं की खालचे आकडे तुमच्या चेंडूने मिळवले की समोरच्याच्या उतावळेपणाने. मायकेल जॉर्डनने 1994 मध्ये थेट डबल-एपासून सुरुवात केली: 127 सामने, बॅटिंग सरासरी .202, म्हणजे दर पाच प्रयत्नांत जेमतेम एक हिट. जगातला उत्तम ॲथलीट, पण वळणारा चेंडू ओळखायला डोळ्यांना जे हजारो चेंडू लागतात ते त्याने पाहिलेलेच नव्हते.

थेट वर गेलेले आहेत, हे मान्य. माइक लीक 2010 मध्ये गेला, पण कॉलेजची तीन वर्षं टाकून. गॅरेट क्रोशे 2020 मध्ये गेला, त्या वर्षी करोनामुळे मायनर लीगचा हंगामच नव्हता. अपवाद बोटांवर मोजण्याइतके.

करार म्हणजे करोडपती

2023 मध्ये मायनर खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला, त्यात पगार वाढले, ते वाढून इतके: रुकी पातळीवर वर्षाला 19,800 डॉलर, डबल-एला 30,250, ट्रिपल-एला 35,800. त्याच वर्षी मेजर लीगचा किमान पगार 7,20,000 डॉलर. रुपयात गुणून लाख मोजण्याआधी अमेरिकेतलं घरभाडं आठवा.

खाली पाठवला म्हणजे संपला

माइक ट्राउट 2011 मध्ये 19 व्या वर्षी वर आला, 40 सामन्यांत बॅटिंग सरासरी .220. 2012 ची सुरुवात त्याने ट्रिपल-एमध्ये केली, एप्रिलअखेर परत आला आणि वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला.

त्याहून बोलकं उदाहरण पिचर रॉय हॅलडे. 2000 मध्ये टोरंटोकडून त्याचा ईआरए 10.64. चेंडू वेगवान होता, पण हात थेट डोक्यावरून यायचा, चेंडू सरळ यायचा आणि बॅटरला तो आधीपासून दिसायचा. 2001 मध्ये क्लबने त्याला पार हाय-एला, डनीडिनला धाडलं. प्रशिक्षक मेल क्वीन यांनी त्याचा हात खाली, तिरक्या कोनात आणला. चेंडू दोन्ही बाजूंना हलायला लागला. त्याच वर्षी तो पायऱ्या चढत परत वर गेला, 2003 आणि 2010 मध्ये साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार. हे काम मेजर लीगच्या सामन्यात, आकडे बिघडवत, करता आलं नसतं.

इतकं वाचूनही एखाद्या गोलंदाजाला हात आजमावायचा असेल, तर भिंतीवर 43 सेंटिमीटर रुंद चौकट आखावी, गुडघ्याच्या खालच्या कडेपासून खांदे आणि कंबर यांच्या मध्यापर्यंत उंच. 18.44 मीटरवरून, हात नीट गरम करून, पाऊणच जोर लावून, न धावता, टप्पा न पाडता 25 चेंडू टाकावेत. 16 आत बसले तर पुढे बोलू. कोपराच्या आतल्या बाजूला कळ आली तर त्या दिवशी तिथेच थांबावं.