जिगसॉ पझल, स्पिल्सबरी आणि त्या फॉरवर्डमधली 'गरीब मुलं'

परत तो मेसेज फिरायला लागलाय. "1760 साली लंडनच्या जॉन स्पिल्सबरी या शिक्षकाने गरीब मुलांना भूगोल कळावा म्हणून जिगसॉ करवतीने नकाशा कापला, जगातलं पहिलं जिगसॉ पझल जन्माला आलं आणि बघता बघता घरोघरी पोचलं." खाली हात जोडलेले इमोजी. माणूस खरा, शहर खरं, भूगोलाचंही खरं. बाकीचं मात्र मसाला लावून वाढलंय.

आधी शिक्षक. नव्हता हो! एन्ग्रेव्हर होता, नकाशे कोरायचा. थॉमस जेफरीज म्हणून राजाचा अधिकृत नकाशावाला होता त्याच्याकडे उमेदवारी केली आणि मग ड्रुरी लेनजवळ रसेल कोर्टात स्वतःचं दुकान टाकलं. 1763 च्या लंडनच्या व्यवसाय-डिरेक्टरीत त्याची नोंद आहे, कोरीवकाम करणारा आणि भूगोल शिकवणं सोपं व्हावं म्हणून लाकडावरचे नकाशे कापणारा अशी. म्हणजे चक्क धंदा, आणि चांगला डोकं लावून केलेला. जग, युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका, इंग्लंड-वेल्स, आयर्लंड, स्कॉटलंड, सगळा माल तयार. बिचारा 1769 मध्ये तिशीच्या आसपासच गेला.

आता "पहिलं". इथे खरी गंमत आहे. त्याच लंडनमध्ये मादाम लप्रँस द बोमाँ नावाची फ्रेंच गव्हर्नेस मोठ्या घरच्या मुलींना शिकवायची (ब्यूटी अँड द बीस्टची आज सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट तिचीच) आणि 1750 च्या दशकाच्या शेवटीच तिच्या लाकडी नकाशांचा उल्लेख तेव्हाच्या पत्रांमध्ये सापडतो. म्हणजे मुलांना प्रत्यक्ष शिकवणारी बाई फॉरवर्डमधून गायब आणि दुकानदाराला शिक्षक करून टाकलं! शिवाय 1760 चा कागदोपत्री आधार काय? स्पिल्सबरीचा जो युरोपचा नकाशा नेहमी दाखवतात त्यावर साल 1766 आहे.

गरीब मुलांचं तर सोडाच. महोगनीची पातळ फळी, त्यावर चिकटवलेला हाताने रंगवलेला नकाशा, आणि प्रत्येक देश हातकरवतीने वेगळा कापायचा, हे गरिबाच्या पोराला कोण घेऊन देणार? राजा तिसऱ्या जॉर्जच्या मुलांची गव्हर्नेस लेडी शार्लट फिंच, तिच्या नावाने ओळखलं जाणारं असल्या नकाशांचं महोगनी कपाट आजही जपून ठेवलेलं आहे. आणि 1814 ची जेन ऑस्टिनची मॅन्सफील्ड पार्क ही कादंबरी आठवा, त्यात श्रीमंत मावसबहिणी गरीब घरातून आलेल्या फॅनीला हसतात, का तर तिला युरोपचा नकाशा जुळवता येत नाही. अहो, तिने तो खेळ पाहिलाच कधी असणार!

करवतीचंही तेच. पायाने चालवायची जिगसॉ यायला अजून शंभरेक वर्षं होती. आणि हे तुकडे आपल्या पझलसारखे एकमेकांत अडकायचे पण नाहीत, निदान देशांचे तरी नाहीत, कारण कापायचं ते सरहद्दीवरूनच. फ्रान्स शेजारी स्पेन नुसता टेकवून ठेवायचा, धक्का लागला की सगळा युरोप इकडे तिकडे. पण माझ्या मते भूगोल शिकायला तेच भारी होतं, कारण हातात आलेला तुकडा म्हणजे अख्खा एक देश. आताच्या खाचावाल्या नकाशात अर्धा राजस्थान आणि पाव गुजरात एका तुकड्यात येतो आणि पोरं नकाशा बघतच नाहीत, खाचा जुळवत बसतात.

आणि घरोघरी पोचलं म्हणता तर तेही बघता बघता वगैरे नाही. पुठ्ठा आणि साच्याने धडाधड कापायची मशीन आल्यावर भाव उतरले, आणि खरी लाट आली ती 1930 च्या दशकात, अमेरिकेत महामंदी चालू असताना, जेव्हा पेपरच्या स्टॉलवर दर आठवड्याला नवीन पझल विकायला यायचं. तोवर त्यात नकाशे कमी आणि चित्रंच जास्त झाली होती.