सोलरवरच्या कुरडया

आज सकाळी अकरा वाजता मोबाइलवर पाहिलं, तर वीज फक्त दोन युनिट. मे महिन्यात, नागपुरात! एवढ्या वेळात चार तरी व्हायला हवेत. आभाळात ढगाचा ठिपका नाही, रस्त्यावरचं कुत्रं सावली सोडायला तयार नाही, आणि माझ्या सोलरला ऊन मिळेना. पॅनल बसवणाऱ्या पोराला फोन लावला. त्यानं शिरस्त्याप्रमाणे उचलला नाही. शेवटी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून गच्चीवर गेलो.

सहाही पॅनलच्या खालच्या कडेला जुन्या धोतराची लांब पट्टी, कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेली. तीवर कुरडया. आणि मधल्या कठड्यापलीकडे, छत्री उघडून, कावळ्यांवर पहारा देत शेजारच्या काकू.

"काकू, हे काय?"

"कुरडया हायेत बाप्पा. दिसत नाई काय तुले?"

"पण माझ्या सोलरवर?"

"मंग! माह्या गच्चीवर तुह्या या पाट्यायची सावली पडते सकाळी. माहं ऊन तूच अडवलं, मी कुठं वाळवू?"

मी म्हटलं, काकू, आतले तुकडे एकामागे एक जोडलेले असतात, बैलांच्या लांबलचक दावणीसारखे. एकानं मान टाकली की बाकीचे अडतात. खालची एक ओळ झाकली तरी निम्मी वीज जाते. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वरची आख्खी काच मोकळी सोडली ना तुह्यासाठी? तिथवर माहा हातच पुरत नाई. अन् तसंई, दक्षिणेले तोंड करून ठेवल्या तुनं. यमाची दिशा. बरकत कुठून येईन?"

आता सूर्य वर्षातला बहुतेक काळ आपल्या दक्षिणेकडून जातो, म्हणून पॅनल दक्षिणेला तोंड करून एकवीस-बावीस अंश तिरपे बसवतात, हे मी हातवारे करून सांगायला लागलो. त्यावर काकू म्हणाल्या, "म्हणूनच त छान हाये. चिकाचं पाणी निथळते."

वर, "तीन दिवस गहू भिजवले, पहाटे चारले उठून चीक शिजवला, सोऱ्या दाबून दाबून खांदा गेला माहा. तू बटन दाबलं अन् बसला. आम्ही चाळीस वर्षांपासून सोलरच वापरून राहिलो. सबसिडी नाई मागितली कोणाले."

सबसिडीचं नाव निघालं की माझं रक्त उकळतं. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात, हे खरं आहे. पण नेट मीटरच्या, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरच्या, कागदांसाठी मी कार्यालयात इतक्या चकरा मारल्या की तिथला चहावाला मला 'साहेब, आज सही होईल' असा धीर द्यायला लागला. मीटर लागेपर्यंतची माझी जास्तीची वीज तारेतून कुठे गेली, कुणाचा पंखा तिनं फिरवला, देव जाणे. बिल मात्र वेळेवर आलं.

आणि एक गोष्ट विकताना कुणी बोलत नाही. पॅनलची क्षमता पंचवीस अंशांवर मोजतात. आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस सावलीत! काच साठ-पासष्टवर तापते आणि वीज दहा-पंधरा टक्के घटते. म्हणजे नागपूरचं ऊन सोलरलाही सोसत नाही. त्याला तरी काहून दोष द्यावा.

पॅनलच्या शेजारीच आमचा पाणी तापवायचा सोलर आहे, त्याची तर वेगळीच तऱ्हा. गरम पाणी हलकं होऊन आपोआप वरच्या टाकीत चढतं, पंप लागत नाही, भारी कल्पना. पण चार महिने नळालाच चहाचं पाणी येतं. थंड अंघोळीसाठी आम्ही रात्रीच बादल्या भरून ठेवतो. डिसेंबरात त्याची खरी गरज, तेव्हा दोन दिवस ढग आले की घरातले सगळे माझ्याकडे असे बघतात जणू ढग मीच मागवले.

कुरडया काढायला मी हात लावला, तर काकू ओरडल्या, "ओल्या हायेत, तुटतीन!" मीच निमूट मागे सरलो. माझी गच्ची, माझे पॅनल, माझं कर्ज.

संध्याकाळी ताटभर कुरडया आल्या. बायकोनं लगेच चार तळल्या, म्हणजे आता भांडणही करता येत नाही. काच निवल्यावर मी वर गेलो, धोतरातून पाझरून वाळलेला चीक नखानं खरवडत बसलो. पलीकडून काकूंचा आवाज आला.

"पाणी मारू नको रे इकडं. अन् उद्या पापड हायेत, चिमटे राहू दे तिथंच."