फुकट ते पौष्टिक? छे!

एखाद्या सकाळी तुमच्या प्रयोगशाळेतला एमएस्सीचा पोरगा खिशातून पेन ड्राइव्ह काढेल आणि म्हणेल, ‘‘सर, यात उबुंटू आहे, विंडोजऐवजी चालणारं फुकटचं लिनक्स. मशीनवर टाकून देऊ का?’’ घाबरू नका. त्याला चहा पाजा, घरच्यांची चौकशी करा आणि परत पाठवा. ‘फुकट ते पौष्टिक’ हे लग्नाच्या पंगतीत म्हणायचं असतं, प्रयोगशाळेत नव्हे.

तुम्ही म्हणाल, आमच्या मशीनवरचं मॅटलॅब हे महागडं गणिती पॅकेज तरी आम्ही कुठे विकत घेतलंय? बरोबर. पण ते फुकट मिळालेलं नाही, मिळवलेलं आहे. कुठल्याशा सीनियरने जाताना ठेवलेली डीव्हीडी. आधी अँटीव्हायरस बंद करायचा, मग नेटची वायर उपटायची, मग ‘क्रॅक’ नावाच्या फोल्डरमधली फाइल नेमक्या जागी नेऊन चिकटवायची. हा विधी कुठे लिहिलेला नसतो, गुरुमुखातूनच घ्यावा लागतो. त्यापुढे ऑक्टेव्ह हे त्याच कामाचं फुकट सॉफ्टवेअर म्हणजे अगदीच अळणी. उतरवून घ्या, चालवा, झालं. मॅटलॅबमध्ये लिहिलेल्या बऱ्याचशा फाइली त्यात जशाच्या तशा चालतात, म्हणजे कुरकुरायलाही जागा नाही. शिवाय त्याचं नाव संगीतातल्या सप्तकावरून आलेलं नाही. ऑक्टेव्ह लिहिणाऱ्या जॉन ईटन यांनी ते आपल्या जुन्या प्राध्यापकांवरून ठेवलं. ऑक्टेव्ह लेव्हनस्पील, केमिकल इंजिनिअरिंगचे गुरुजी, झटपट अंदाजी हिशेबासाठी प्रसिद्ध. शिष्याने सॉफ्टवेअरला गुरूचं नाव द्यायचं! आपल्याकडे शिष्य गुरूचं नाव पेपरवर टाकतो, आणि तेही सांगितल्यावर.

तो पोरगा सुपरकॉम्प्युटरचा दाखला देईल. जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून एकूण एक लिनक्सवर चालतात, पुण्यात पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेतला ‘परम ब्रह्म’सुद्धा. तर त्याला समजावून सांगा की ब्रह्म हे सामान्यांच्या बुद्धीपलीकडचं असतं. आपण प्रपंचातली माणसं, आपल्याला एक्सेल बरं.

एक्सेल तर मुळीच सोडू नका. किती मायेने काळजी घेतं ते! जीवशास्त्रज्ञांनी ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ अशी जनुकांची नावं टाइप केली, की ते समजून उमजून त्यांच्या तारखा करून ठेवायचं. वर्षानुवर्षं शोधनिबंधांच्या तक्त्यांत जनुकांच्या जागी तारखा छापून आल्या. अखेर २०२० साली मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. सासरी नांदायचं तर नाव कुणी बदलायचं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. एक्सेलला तारखा न करण्याचं बटण सुचलं ते पुढे तीन वर्षांनी. त्याच २०२० च्या शरदात इंग्लंडमध्ये कोविडचे जवळजवळ १६ हजार रुग्ण नोंदीतून गळाले, कारण जुन्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. साथ आटोक्यात आणण्याचा इतका स्वस्त उपाय दुसऱ्या कुणाला सापडला होता?

मात्र एक्सेलचाही एक धोका आहे, आणि तो नीट लक्षात घ्या. हार्वर्डच्या रेनहार्ट आणि रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की देशाची वाढ खुंटते. जगभरच्या अर्थमंत्र्यांना काटकसरीच्या भाषणासाठी हेच हवं होतं. पुढे थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने गृहपाठ म्हणून ते गणित पुन्हा करायला घेतलं. जमेना. त्याने मूळ शीट मागितली, आणि त्यांनी ती दिली! सरासरीचं सूत्र ४९ व्या ओळीपर्यंत जायचं ते ४४ व्या ओळीवरच थांबलेलं. ऑस्ट्रेलियापासून डेन्मार्कपर्यंत पाच देश बाहेर उभे. आणखीही आक्षेप निघाले आणि सगळं दुरुस्त केल्यावर उणे ०.१ टक्क्याची वाढ अधिक २.२ टक्के झाली. काही जण म्हणतात, चूक सूत्रात होती. तुम्ही तसलं काही मनावर घेऊ नका. चूक शीट देण्यात होती.

पायथन काय, आर काय, ज्युलिया काय, या सगळ्या फुकटच्या प्रोग्रामिंग भाषांची खोड तीच. जे केलं ते ओळीओळीने लिहिलेलं राहतं, आणि ती फाइल कुणीही, कुठेही, दमडी न मोजता चालवून बघू शकतो. २०१५ साली गुरुत्वीय लहरी सापडल्या त्या लायगो वेधशाळेवाल्यांनी तर डेटा आणि पायथनचे कोड दोन्ही उघड्यावर टाकले आहेत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ तसलाच डिटेक्टर व्हायचाय. तो उभा राहायच्या आधीच तिथला एखादा बारावीचा पोरगा लॅपटॉपवर ती लहर काढून बसला, तर पीएचडीची शान ती काय उरली? त्यात पवईच्या आयआयटीवाल्यांनी सायलॅब या आणखी एका फुकट गणिती पॅकेजचे आणि पायथनचे छोटे छोटे पाठ चक्क मराठीतही करून ठेवलेत. मराठीत समजलं तर ते शास्त्र कसलं!

एक गोष्ट उपरोध बाजूला ठेवून सांगतो. लिनक्सवाल्यांपैकी काही जण खरोखरच असह्य असतात. दर अमावास्येला नवी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा नवा अवतार टाकतात, वाय-फाय चालू करण्यात आठवडा घालवतात, आणि प्रोजेक्टर जोडायची वेळ आली की तुमच्याच विंडोजचा लॅपटॉप मागतात. पायथनची पॅकेजंही भाऊबंदकीत पटाईत. एकाला अपडेट केलं की दुसरं रुसतं, मग प्रत्येकाला वेगळी चूल मांडून द्यावी लागते. असो. हे तुमच्या बाजूचं आहे, वापरा.

आता तुमचाच प्रश्न. तो पोरगा चहा पिऊन गेला होता ना? परत आलाय. या वेळी पेन ड्राइव्ह नाही, हातात कागद आहे. तुमच्या २०१६ च्या पेपरमधलं तिसरं कोष्टक त्याने घरी पायथनमध्ये करून बघितलं आणि शेवटचा आकडा जुळत नाहीये. अगदी नम्रपणे विचारतोय, ‘‘सर, मूळ शीट मिळेल का? माझंच काहीतरी चुकत असेल.’’ त्याला बसायला सांगा. शीट जुन्या मशीनवर आहे म्हणावं, आणि जुनं मशीन अपडेट घेतंय. २३ टक्क्यांवर आहे.